मोहाच्या फुलाचा अपराध

दिवाळी अंकात दारूवर लेख! फराळाचे ताट पुढ्यात असताना आणि घरातली थोरली-धाकटी मंडळी आळीपाळीने अंक चाळीत असताना हा विषय काढण्याचे औचित्य काय, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याला मी दोष देत नाही. परंतु ज्या प्रश्नात घरातली बाई सर्वांत अधिक सोसते, तो प्रश्न घरात वाचल्या जाणाऱ्या अंकात नको, तर मग कोठे हवा? शिवाय हा लेख दारूवर आहे असे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो एका फुलावर आहे. त्या फुलाला आपण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चोरासारखे वागवीत आलो, आणि ते वागवणे आता थांबवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी राहतो ते ऊर्जानगर. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात ज्या दिव्यांखाली हा अंक वाचला जात असेल त्यांतला काही उजेड आमच्या चिमण्यांतून निघालेला असणार. या चिमण्यांच्या सावलीपासून ताडोबाचे जंगल फार लांब नाही. इतके जवळ आहे की वाघ आणि बिबटे कुंपण ओलांडून केंद्राच्या आवारात येतात, आणि २०२२ साली त्यांनी आमच्या बाजूची माणसेही नेली. त्याच जंगलात, आणि पुढे वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या अफाट रानात, मोहाची झाडे उभी आहेत.

ज्यांनी मोहा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्च उजाडला की झाडाची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुपके धरतात. फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. गळते म्हणजे टपटप पडतेच; मांसल, पिवळट पांढरे, द्राक्षाएवढे आणि तोंडात टाकले तर गोड. सूर्य वर आला की ते मलूल होते, गुरे खातात, अस्वल खाते. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाकून एकेक फूल वेचावे लागते. वेचणाऱ्याचे डोके जमिनीकडे आणि वाघाला समोर दिसते ते एक चार पायांचे वाटणारे जनावर. मोहाच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीतरी या फुलांपायी आहेत. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात, ती मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. ती भाजून खातात, उकडून खातात, भाकरीत घालतात. दुष्काळात मोहाने माणसे जगवली आहेत. फुलानंतर फळ, फळातून टोळ, टोळीचे तेल. आणि हो, फुलांची दारूही गाळतात. लग्नाला, बारशाला, मयताला, देवाला. पहिले थेंब जमिनीवर सांडून, पूर्वजांना देऊन, मग माणसांनी घ्यायचे.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाचा स्वतंत्र कायदा केला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच बंधन घातले. का? तेथील आदिवासींच्या प्रकृतीची सरकारला काळजी वाटली म्हणून नव्हे. लोक घरी गाळू लागले की ठेकेदाराच्या गुत्त्यावर खप घटतो आणि अबकारीचा वसूल बुडतो, म्हणून. फूल गुन्हेगार ठरले ते नीतीमुळे नव्हे, खजिन्यामुळे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे नीतीची माणसे आली आणि त्यांनी खजिन्याच्या माणसांची यादी जशीच्या तशी चालवली. १९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, १९५० साली मोहफुलांचे नियम झाले, आणि स्वतंत्र देशातील स्वतंत्र नागरिकाला स्वतःच्या अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा हिशेब द्यावा लागू लागला.

२०२१ साली राज्य सरकारला ही विसंगती जाणवली आणि फुले गोळा करणे, बाळगणे, वाहून नेणे यांवरील बंधने उठली. चांगले झाले. दुसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये, मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय केला. काजूच्या बोंडांपासून आणि मोहाच्या फुलांपासून केलेल्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचा. मी तो वाचला तेव्हा प्रथम छपाईची चूक वाटली. गोंडवनाच्या मातीतले झाड, गोंडाच्या देवाचा प्रसाद, आणि दप्तरात नाव विदेशी! अर्थात त्यामागे कराची आणि परवान्याची काही सोय असणार, ती मी नाकारीत नाही. परंतु परिणाम काय झाला ते पाहा. भांडवल उभे करून, यंत्रे मांडून, बाटलीवर सोनेरी चिठ्ठी लावून कोणी कारखानदार मोहाचे मद्य करील तर ते विदेशी मद्य. आणि झाडाखाली पहाटे वाकणारी बाई तेच मडक्यात करील तर ती कलम ६५ खालची आरोपी.

गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी वारंवार येते. अमुक गावाच्या शिवारात इतके ड्रम मोहसडवा नष्ट. सडवा म्हणजे भिजत घातलेला, आंबलेला मोहा. बातमीत किंमत लिहिलेली असते, जप्त साहित्य लिहिलेले असते. तो सडवा किती पहाटांचा होता, हे मात्र लिहिलेले नसते. तिकडे चंद्रपूर शहरात २०२१ पासून परवाना कक्ष पुन्हा उघडले आहेत. पगारदार माणूस तेथे दिव्याखाली बसून व्हिस्की मागवू शकतो, कोणी हटकत नाही. मला त्या माणसाचा राग नाही. पण एका धान्याच्या दारूला खुर्ची आणि एका फुलाच्या दारूला हातकडी, यात नीती कोणती ते मला कोणी समजावून सांगावे.

येथे दारूबंदीच्या बाजूचे लोक माझ्यावर रागावतील, आणि त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. या भागात दारूविरुद्ध जे झाले ते लटके नव्हते. तुकडोजी महाराजांनी व्यसनाविरुद्ध गावोगाव खंजिरी वाजवली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांनी आणि शेकडो गावांनी आंदोलन केले, तेव्हा १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी आली. ती आजही आहे. चंद्रपूरच्या बाया २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. नवऱ्याच्या माराचे वळ अंगावर असलेल्या बाया त्यांत होत्या. २०१५ च्या १ एप्रिलपासून चंद्रपुरात बंदी आली, आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. या बायांना काय हवे होते? त्यांना घरात शांतता हवी होती, पगार घरी यायला हवा होता. ही मागणी न्याय्य होती आणि आजही न्याय्य आहे. दारू शरीराला अपायकारक आहे, कर्करोगाच्या कारणांत तिची गणना शास्त्रज्ञांनी १९८८ सालीच केली आहे, आणि मोहाची दारू त्याला अपवाद नाही. मोहाची ती ‘नैसर्गिक’, म्हणून औषधी, असे जे काही शहरी हौशी लोक हल्ली म्हणू लागले आहेत, त्यांच्या पंगतीत मी बसत नाही.

माझे भांडण आहे ते निराळ्या गोष्टीशी. बंदीने दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीने बांधल्या. एक, बाहेरून ट्रकांनी येणारी, ठेकेदाराची, रोज संध्याकाळी चौकात मिळणारी दारू. दुसरी, गावात वर्षातून काही वेळा देवाकार्याला गाळली जाणारी. पहिलीला पैसा आहे, वकील आहे, नदीपलीकडे दुसरे राज्य आहे. दुसरीला यांतले काहीच नाही. तेव्हा दोरी आवळली की गळा कोणाचा आवळतो, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि बंदी आहे म्हणून मागणी थांबत नाही, तेव्हा जी दुसरी होती तीच हळूहळू पहिलीसारखी होत जाते. देवाकार्याची दारू विक्रीची होते, आणि विक्रीची झाली की तिचा कसही बिघडतो.

कस कसा बिघडतो ते जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण सगळा मुद्दा येथे आहे. जुन्या रीतीने फुले पाण्यात भिजत घालतात, ती आपसूक आंबतात, त्याला काही दिवस लागतात. मग मडक्याखाली विस्तव, वर थंड पाण्याचे भांडे, आणि वाफ निवून थेंब थेंब खाली. चोरून करायचे म्हणजे घाई. घाई म्हणजे नवसागर, युरिया, सडका गूळ, आणखी काय काय. स्वच्छ भांड्याच्या जागी जो डबा हाती लागेल तो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची थोरवी सांगतात, तिच्यातला अगदी पहिला भाग जाणकार गाळणारे जगभर फेकून देतात, कारण लवकर उडणारी अपायकारक द्रव्ये त्यातच अधिक उतरतात. हे आमच्या गावच्या म्हाताऱ्याला सांगायला कोणी जाणार कसे? ज्या गोष्टीचे अस्तित्वच गुन्हा, तिच्या स्वच्छतेचे शिक्षण सरकारी माणूस देऊ शकत नाही. तो फक्त लाथ मारून मडके फोडू शकतो.

आणि लोक मरतात ते कशाने? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली. २०२२ च्या जुलैत गुजरातेत बोटादकडे चाळीसहून अधिक मेली. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बिहारच्या सारण जिल्ह्यात माणसे मेली. बिहारात २०१६ पासून बंदी आहे. हे मोहाचे बळी नव्हेत. कारखान्यांत लागणारे मिथेनॉल नावाचे विष दारूच्या नावाखाली पाजले गेले. ते दारूसारखेच दिसते, दारूसारखेच चढते, आणि मग आधी डोळे जातात. जेथे बाटलीवर कोणाचे नाव नाही, तपासणी नाही, हमी नाही, तेथे हे विष शिरते. मला गडचिरोलीबद्दल जी भीती वाटते ती हीच. आज तिथल्या रानात फूल आहे म्हणून विषाला जागा कमी आहे. फुलाला दडपीत राहिलो, तर ती जागा कोण भरील?

थोडे बाहेर पाहू. थायलंडात क्रातोम नावाचे एक झाड आहे, आपल्या रानातल्या कळमाच्याच कुळातले. त्याची पाने मजूर लोक थकवा घालवायला चघळतात. १९४३ साली तेथील सरकारने ते झाड बेकायदा केले, आणि अफूच्या कराला त्याची झळ लागत होती हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. म्हणजे आमच्या १८९२ चाच तो थायी भाऊ. पुढे पाऊणशे वर्षे खेड्यातली माणसे पानांपायी पकडली गेली. २०२१ साली सरकारने क्रातोमला अंमली पदार्थांच्या यादीतून काढले, आणि नुसते काढून हात झटकले नाहीत. दुसऱ्या वर्षी नवा कायदा करून अठरा वर्षांखालील मुलांना व गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना विकण्यास मनाई केली. क्रातोम निर्दोष आहे असे त्यांचे म्हणणे नाही, त्याची सवय लागते. पण सवय लागणाऱ्या वस्तूला तुरुंगापेक्षा नियम बरा, असे त्यांनी ठरवले.

इतके दूर जायचे नसेल तर गोव्यात जा. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली सरकारने तिला राज्याचा वारसा म्हटले. गावोगावच्या भट्ट्या परवान्यावर चालतात. शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती मोहाची दारू गाळण्याची सूट जुनी आहे, आणि अलीकडे तेथील सरकारने ‘वारसा मद्य’ म्हणून आदिवासी बचत गटांना मोहाचे मद्य करून विकण्याचा मार्ग खुला केला. आमच्या गडचिरोलीतला गोंड आणि सीमेपलीकडचा गोंड मामा-भाचे असतात. एकाच लग्नातली एकच बाटली सीमेच्या एका बाजूला रीत आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा!

हा प्रश्न आजचा नाही. संविधान सभेत १९४८ साली दारूबंदीचे कलम, जे आज सत्तेचाळिसावे आहे, चर्चेला आले तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी उभे राहून आदिवासींच्या धर्मविधींत तुम्ही हात घालीत आहात असा आक्षेप घेतला. कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर यांनीही सक्तीला विरोध केला. कलम झाले, पण त्याच संविधानाच्या सहाव्या अनुसूचीत ईशान्येकडील स्वायत्त जिल्ह्यांसाठी एक सवलत राहिली: न गाळलेल्या मद्यावरील बंदीचा कायदा जिल्हा परिषदेने सांगितल्याखेरीज तेथे लागू होत नाही. आमची गडचिरोली सहावीत नाही, तिचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत. परंतु १९९६ साली संसदेने पेसा कायदा केला. त्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांच्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा असे स्पष्ट म्हटले आहे. बंदी किंवा नियमन. दोन्ही शब्द आहेत. पहिला आपण मोठ्याने वाचतो, दुसरा वाचायचे टाळतो.

मग मागणी काय? मी वकील नाही, तेव्हा मसुदा लिहीत बसत नाही, पण रूपरेषा सांगतो. गडचिरोलीत बाहेरच्या दारूवरील बंदी जशी आहे तशी राहू द्या. ती उठवा असे मी म्हणत नाही. मोहाचा विचार तिच्यापासून वेगळा करा. ज्या गावाला घरगुती व विधीपुरते मद्य गाळायचे आहे त्या गावाने ग्रामसभेत तसा ठराव करावा, आणि त्या ठरावाला गावातल्या निम्म्याहून अधिक बायांची गुप्त मतदानाने संमती असल्याशिवाय तो चालू नये. उभी बाटली आणि आडवी बाटली आपल्या बायांना चांगली ठाऊक आहे. दुकान बंद करायला जे मत चालते ते मोहाला का चालू नये? बायांनी एकदा नाही म्हटले की विषय संपला. घरटी मर्यादा ठरवावी. विक्री करायची असेल तर ती ग्रामसभेच्या किंवा बायांच्या गटाच्याच नावावर, ठेकेदाराच्या नव्हे. भांडे कोणते, आंबवायचे किती, पहिली धार फेकायची किती, याचे शिक्षण अबकारी खात्याने द्यावे, आणि नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून बाटलीवर तीव्रता लिहावी. राज्यात दारूसाठी जी पंचवीस वर्षांची अट आहे ती येथेही असावी. परवान्याचा पैसा मुंबईला न जाता गावात राहावा आणि त्यातून व्यसन सोडवणाऱ्या उपचारांचा खर्च निघावा. नवसागर, युरिया किंवा स्पिरिट सापडले तर मात्र दया नको.

मला ठाऊक आहे, यावर पहिला प्रश्न येईल, आणि तो एखादी बाईच विचारील: “दादा, नवऱ्याला घरीच मिळू लागली तर आम्ही कोठे जायचे?” या प्रश्नाला टाळी मिळवणारे उत्तर माझ्यापाशी नाही. पण आज त्या बाईचा नवरा पीत नाही काय? तो पितोच, फक्त काय पितो हे तिला कळत नाही, कोणाकडून पितो हे ती सांगू शकत नाही, आणि पोलीस आले तर पकडली जाते ती पुष्कळदा दारू गाळणारी दुसरी बाई, पाजणारा धनी नव्हे. नियमाखाली तिच्या हाती निदान मत असेल, आणि तक्रार करायला नावाचा फलक असेल. हे पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. आजच्यापेक्षा अधिक आहे, एवढेच.

दुसरा प्रश्न शहरी माणूस विचारील: अडाणी गावे हे सारे सांभाळतील कशी? हाच प्रश्न बांबूच्या वेळी विचारला गेला होता. मेंढा-लेखा या गडचिरोलीतल्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण वाहतुकीचे पास खात्याच्याच हातात राहिले. गावाला बांबू दिला तर जंगल उरणार नाही, अशी शंका होती. २०११ च्या एप्रिलात ती पासबुके ग्रामसभेच्या हाती आली. जंगल जागच्या जागी आहे, आणि गावाने लाखोंचा बांबू विकून हिशेब ठेवला. बांबूचा हिशेब ज्यांना जमला त्यांना मोहाच्या बाटल्या मोजता येणार नाहीत काय?

तिसरी शंका मात्र माझी स्वतःची आहे, आणि ती मी सरकारपुढेच ठेवतो. मोहाला मोकळीक म्हणजे मोठ्या कारखान्याला आवतण असे जर झाले, तर हा सगळा खटाटोप वाया जाईल. मग बाई एप्रिलात कवडीमोलाने फुले विकील, कारण तिला तेव्हाच पैसा लागतो. आणि व्यापारी ती कोरड्या गोदामात भरून पावसाळ्यात तिलाच चढ्या भावाने देईल. हे आजही होते, कारखाना आल्यावर वाढेल. म्हणून गोदाम आधी, भट्टी नंतर. गावाच्या मालकीचे कोरडे गोदाम, फुलांवर तारण कर्ज, आणि झाडाखाली बांधायला जाळ्या. जाळ्या यासाठी की फूल जाळीत पडले तर बाईला वाघाच्या वाटेवर वाकावे लागत नाही, आणि जमीन साफ करायला पालापाचोळा पेटवावा लागत नाही; उन्हाळ्यातले आमच्या रानातले कितीतरी वणवे त्या पाचोळ्यातून सुरू होतात. जाळीला खर्च किती? एखाद्या सडवा-विध्वंस मोहिमेच्या गाड्यांच्या डिझेलात एका गावाच्या जाळ्या येतील, असा माझा साधा अंदाज आहे. खात्याने तो खोडून काढावा.

फुलाचे लाडू होतात, गोळ्या होतात, मुरांबा होतो, आणि दिवाळीच्या ताटात मोहाचा लाडू ठेवायला हरकत नाही. आमच्याकडे काही बचत गट तसे करू लागले आहेत. पण लाडवाच्या आड दारूचा प्रश्न लपवू नये. त्या फुलाची दारू होते, ती गावात प्याली जाते, आणि कायदा तिच्याकडे डोळे मिटून मडके फोडतो, हे खरे आहे.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. चंद्रपूर आणि गडचिरोलीचे आमदार तेथे असतील. मार्चात मोहा गळू लागेल. मध्ये तीन महिने आहेत. नियमांचा मसुदा तयार करून ग्रामसभांपुढे मताला ठेवायला तेवढे पुरतात.